गायबपूरची जकात

गल्लीत नवा माणूस शिरला की काकू आधी त्याच्यावर कोणता कर बसेल ते ठरवायच्या आणि मग त्याचं नाव विचारायच्या. कुरिअरवाला उंच असला तर त्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणायच्या, "हा सावलीच्या खात्यात." भाजीवालीचं हसणं कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं की, "हिले दवाखान्यासमोर बसवा, अर्धे पेशंट तसेच बरे होतील." ओळखीची माणसं हसून पुढे जायची. अनोळखी माणूस मात्र बावचळून आपल्याच कपड्यांकडे बघायचा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या खुर्चीसमोरून गेल्याशिवाय कोणालाच घरी जाता येत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्या काकू होत्या. सगळे त्यांना टॅक्सकाकू म्हणत. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं, ते वाचायची वेळ कोणावर येत नसे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एप्रिलच्या भर उन्हात. राजापूरकडच्या आमच्या गावातून निघून, दोन गाड्या बदलून आम्ही नवरा-बायको नागपुरात उतरलो होतो. यांना इथल्या एका गोदामात काम मिळालं होतं, तेही वर्षाच्या करारावर. काकूंच्या घरावरची खोली भाड्याने घेतली होती. ऑटोतून आमची लोखंडी पेटी उतरली, सुंभाने आवळून बांधलेली. काकू ओट्यावर हात तुटलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बडीशेप चघळत होत्या. माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत होत्या. मला वाटलं, सामान बघून भाडं वाढवणार.

"पेटी खोलनार का बांधूनच ठेवनार?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं. "यांचं कायम झालं की."

"म्हनजे पासिंग," असं म्हणून त्यांनी बडीशेपेची डबी माझ्यापुढे धरली. पासिंग म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण विचारायचा धीर झाला नाही. मी आठवीत शाळा सोडलेली, आई आजारी पडली म्हणून. मोठ्या शहरातल्या माणसांपुढे काहीही विचारलं तर आपलं अडाणीपण बाहेर पडेल, ही धास्ती मला कायम असायची.

पासिंगचा अर्थ मला कळला तो काकूंच्या नोकरीच्या गोष्टींतून. काका गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना जकात नाक्यावर कारकुनी मिळाली होती, कामठी रोडच्या बाजूला. ट्रक आला की माल काय, कुठून आला आणि कुठे उतरणार ते विचारायचं. शहरात उतरणार असेल तर जकात. नुसता शहरातून पुढे जाणार असेल तर जकात नाही. त्याच्या ताडपत्रीच्या दोरीला सील ठोकायचं, ड्रायव्हरच्या हातात पास द्यायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर सील शाबूत बघून त्याला सोडून द्यायचं. तोच पासिंग माल. पुढे सरकारने जकातच काढून टाकली आणि नाके ओस पडले. काकू म्हणायच्या, "नाका बंद झाला वं, पन माही नजर थोडीच बंद झाली!" त्यानंतर त्यांनी आपला नाका घराच्या ओट्यावर उघडला. शहरही स्वतःच वसवलं. त्याचं नाव गायबपूर.

गायबपूर कुठे आहे, असं मी एकदा विचारलं तेव्हा काकूंनी हाताने मोघम दिशा दाखवली. ती कधी वर असायची, कधी शुक्रवारी नावाच्या तलावाकडे. तिथे भुतं, राक्षस, उडणाऱ्या बायका, दोन डोक्यांची माणसं, असे सगळे राहत आणि त्या सगळ्यांवर कर बसवायचं काम काकूंकडे होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की लोक रस्त्यावर पाणी शिंपडून खुर्च्या बाहेर काढत. तापलेल्या मातीचा वास यायला लागला की पोरं ओट्याशी जमायची आणि मनाने रचलेला आपापला नागरिक घेऊन हजर व्हायची. मीही जिन्याच्या पायरीवर साडीला फॉल लावत बसलेली असायचे. कान तिकडे, सुई इकडे.

हे सगळं सुरू झालं म्हणे पिंकीमुळे. पिंकी ही समोरच्या बबनभाऊंची मुलगी. बबनभाऊंचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं आणि आवाज असा की रिचार्ज न करताही पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. गल्लीच्या तोंडाशी चिंचेचं झाड आहे, त्यात भूत आहे असं कोणीतरी पिंकीला सांगितलं. ती शिकवणीला जाईना. काकूंनी तिचा हात धरला, झाडाखाली नेलं आणि वर बघून दरडावलं, "काय गा, टॅक्स भरला का?" मग तिथेच उभं राहून हिशेब मांडला. भूत पाणी पीत नाही, म्हणून पाणीपट्टी माफ. नालीत काही सोडत नाही, तेही माफ. पण झाड फुकट वापरतं, तर त्याने गल्लीत शिरणाऱ्या चोराला भेव दाखवायचं. एवढाच कर.

"आता तो आपला भूत हाय," काकूंनी पिंकीला सांगितलं. "टॅक्स भरते तो. त्याले कायले भेतं?"

दुसऱ्या दिवसापासून पिंकी झाडाखालून जाताना वर बघून विचारायची, "ड्युटीवर हायेस ना?"

गायबपुरात कागद नव्हता. "कागद जन्मभर पुरले मले," असं काकू म्हणायच्या. पैसाही नव्हता. ज्याच्याकडे जे भरपूर असेल त्यातलं थोडं त्याने गावाला द्यायचं, हाच कर. आणि पावती म्हणजे काकूंची मूठ. समोरच्याचा तळहात उघडायचा, त्यावर आपली मूठ रबरी शिक्क्यासारखी ठप्पकन मारायची आणि म्हणायचं, "जमा!" हात झणझणायचा. पण पावती न घेता कोणी ओट्यावरून उठत नसे.

राक्षस आला तर काकूंनी त्याला मे महिन्यात बस स्टॉपवर उभं केलं, सावलीसाठी. चारशे वर्षं जगलेला म्हातारा आला तेव्हा त्या खरोखर काळजीत पडल्या. "ह्याच्यापासून काय घ्यायचं ते मंग पाहू," म्हणाल्या, "पयले ह्याची पेन्शन थांबवा, नाही तं गाव विकावं लागते." उडणाऱ्या बाईच्या बाबतीत बबनभाऊ दुकानातून ओरडले, "काकू, तिले रोड टॅक्स लावता येत नाही! ती रोडवर पायच ठेवत नाही!"

"तुले कोनी विचारलं गा?" काकू म्हणाल्या. "रोड वापरत नाही तं रोडचा टॅक्स नाही. पन उडते कुठून? गच्चीवरून. संक्रांतीले तारेवर अटकलेले सारे पतंग तिनं काढून द्यायचे. मांज्यात अटकलेले पाखरंही."

"एवढा टॅक्स लावून राहिल्या तं लोक गायबपूर सोडून कामठीले राहाले जातील!"

"जाऊ दे. तिथल्या नाक्यावर बी माह्याच ओळखीचे लोक हायेत."

मला सगळ्यांत आवडली ती अदृश्य माणसाची केस. पिंकीनेच आणली होती. तिचं म्हणणं, जो दिसतच नाही त्याला कर माफ करून टाका, उगाच शोधायचं कुठे? काकू पहिल्यांदाच चिडल्या. "माफ? ज्याले कोनी पाहत नाही, त्याचं नाव तं पयले घ्या. टॅक्स लावला तं कोनीतरी त्याच्या दारावर जाईन, बेल वाजवीन, हाय का नाही म्हनून विचारीन. कर म्हनजे दंड नोहे पोरी. तू आमचा हायेस, हे सांगनं हाय." अदृश्य माणसावर मग असा कर बसला की त्याने रोज कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचं आणि खोकायचं. पोरं हसली. मी हातातली साडी बाजूला ठेवून ऐकत राहिले.

हळूहळू गायबपुरातले कर आमच्या गल्लीतल्या माणसांवरही बसायला लागले. बबनभाऊंवर आवाजाचा कर होता. पाण्याचा टँकर आला की सगळ्या गल्लीला हाक त्यांनीच मारायची. पिंकीवर प्रश्नांचा कर, रोज एक प्रश्न काकूंसाठी राखून ठेवायचा. दूधवाल्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ, म्हणून ज्याचा असेल त्याच्या घरी तोच आधी सांगणार. आमच्या यांच्यावरसुद्धा कर बसला. गोदामातून आले की ओट्याशी थांबून दिवसभरात आलेल्या मालाचं वर्णन करायचं. कुठली कपाटं, कुठली खतं, कुठून आलेली सायकल. काकू डोळे मिटून ऐकायच्या, जणू नाका परत सुरू झाला आहे.

कर नव्हता तो फक्त माझ्यावर.

आधी मला ते बरं वाटलं. मग टोचायला लागलं. माझी बोली ऐकून पोरं हसत, मी 'नाय' म्हटलं की पिंकी 'नाय, नाय' करत नाचायची, त्याचं काही वाटत नसे. पण सगळ्यांच्या तळहातावर ठप्प ठप्प मुठी पडताना आपला हात सुई धरून बसलेला, हे फार वाईट. एका संध्याकाळी धीर करून मी पायरीवरून विचारलं, "काकू, आणि मी कुठल्या खात्यात?" हसतच विचारलं.

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू पासिंग वं," त्या मायेनेच म्हणाल्या. "तुही ताडपत्री बांधलेली हाय अजून. उतरला नाही त्या मालावर टॅक्स घेता येत नाही, तो अन्याव होते."

बबनभाऊ हसले, पोरंही हसली, आणि मीही हसले. वर जाऊन पाहिलं तर मी त्या साडीला फॉल उलट्या बाजूने लावून ठेवला होता. पेटी कोपऱ्यात तशीच होती, सुंभ बांधलेली. रोजचे कपडे आम्ही पिशवीतून काढायचो आणि खिळ्याला टांगायचो. पेटी उघडली तर इथे राहिल्यासारखं होईल आणि करार संपला तर परत बांधताना जीव जाईल, असं मला वाटायचं. आईचा फोन आला की ती विचारायची, "कधी येतेस?" मी म्हणायचे, "बघू." आता ते 'बघू' तोंडातून निघालं की काकूंची बडीशेपेची डबी आठवायची.

यांचा करार आणखी एका वर्षाने वाढला आणि दुसरा उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू? गावाकडे आम्हाला घामाची सवय, पण हे ऊन घामसुद्धा वाळवून टाकतं. प्रत्येक खिडकीला कूलर. मी आयुष्यात पहिल्यांदा कूलर पाहिला तेव्हा दाराबाहेरच थांबले होते. पत्र्याचा डबा, आत पाणी, त्यातच वीज. मी मुळात भित्री. गॅस बंद केला का ते तीनदा बघणारी, कुलूप लावून परत जिना चढणारी. त्यात हे. गल्लीत कोणीही कूलरमध्ये पाणी भरताना दिसलं की माझ्या तोंडून निघायचंच, "स्विच बंद केलात का?" लोकांना चेष्टेला विषय मिळाला. बबनभाऊ मला बघितलं की दोन्ही हात वर करायचे, "बंद केला, बंद केला, स्विचवाली बाई आली!"

काकू तर कधीच बंद करत नसत. एका हातात पाइप, दुसऱ्या हाताने जाळीचा पत्रा ढकलायचा, पंखा सुरूच. "माह्या नवऱ्याच्या काळापासून असाच भरते मी," त्या म्हणायच्या. "त्याले मी वळखते, तो मले वळखते."

त्या दिवशी संध्याकाळी पिंकीने जलपरीची केस आणली होती. जलपरी अख्खा अंबाझरी तलाव वापरते, तर तिला पाणीपट्टी केवढी? काकू नळाला पाइप लावून खिडकीपाशी गेल्या होत्या आणि तिथूनच निकाल देत होत्या. "ती पान्यात राहते वं, पानी वापरत नाही. तू हवेत राहतेस तं तुले कोनी हवेचा टॅक्स..." पाइपचं पाणी त्यांच्या पायांशी सांडलेलं मला जिन्यावरून दिसलं. त्यांचा हात पत्र्याकडे निघाला होता.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पिंकी सांगते की मी 'नाय, नाय, नाय' असंच ओरडत होते. मांडीवरची कोणाची तरी नवीकोरी साडी पायऱ्यांवरून घरंगळत गेली आणि तिच्यावरूनच धावत जाऊन मी आतलं मेन बटण पाडलं. कूलर घरघरत थांबला. काकूंचा हात पत्र्यापासून वीतभर लांब तसाच थांबलेला होता. माझं तोंड बघून त्यांनी तो मागे घेतला.

"झालं का नाटक तुहं?" त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

बबनभाऊ दुकानातून टेस्टर घेऊन आले. काकूंना लांब ओट्यावर बसवलं, पाणी बंद केलं, पायात रबरी चपला घालून त्यांनी मला बटण लावायला सांगितलं आणि टेस्टरचं टोक पत्र्याला टेकवलं. टेस्टरमधला दिवा पेटला. पत्र्यात करंट उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा बबनभाऊ हळू आवाजात बोलले. "काकू," ते म्हणाले, "वाचल्या तुम्ही."

काकू खुर्चीत बसल्या. मी खालीच बसले होते. पिंकी रडायला लागली तेव्हा काकूंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पाह्य वं," त्या म्हणाल्या, "तुह्यावर टॅक्स बसला."

मी रडत होते की हसत होते कोण जाणे. "पण मी तर पासिंग."

"म्हनूनच म्हनते. उद्या मी वर येते. माल उतरवावा लागते पयले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन येऊन कूलर दुरुस्त करून गेला आणि संध्याकाळी काकू खरंच वर आल्या. गुडघे धरत, प्रत्येक पायरीला शिव्या घालत. सतरंजीवर बसल्या आणि पेटीकडे बोट केलं. "सोड."

सुंभाची गाठ वर्षभरात आवळून दगड झाली होती. दातांनी सोडवली. झाकण उघडलं तेव्हा आमच्या घराचा वास आला. ओल्या लाकडाचा, सुक्या मासळीचा, तांदळाच्या कणगीचा. मी एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडत गेले आणि काकू नाक्यावर विचारायच्या तसं विचारत गेल्या. हे काय? खवणी. आनि हे? फणसाच्या साटा, वाळवलेल्या गराच्या पोळ्या. ही काळी काळी सालं कायची? आमसुलं, आईने वाळवलेली. लग्नातला शालू, आजोळची पितळी समई, भावाने शाळेत असताना रंगवलेली होडी. कोणीच आजवर माझ्या घरच्या वस्तूंची एवढी चौकशी केली नव्हती. मी बोलत सुटले. नाय म्हटलं, वो म्हटलं, काय वाटेल ते म्हटलं.

"आता नमुना," काकू म्हणाल्या. "नाक्यावर नमुना घेतल्याशिवाय माल सोडत नाही." आणि त्यांनी मूठभर आमसुलं पदरात बांधली.

त्या नमुन्यात आणखी भर घालून मी रविवारी सोलकढी केली, अख्ख्या गल्लीसाठी. खवणी ओट्यावर मांडून नारळ खवायला बसले तर पोरं भोवती गोल करून बसली, जणू डोंबाऱ्याचा खेळ आहे. बबनभाऊंनी पेला हातात घेऊन उजेडाकडे धरला. "काकू, हा गुलाबी मठ्ठा कोन्या गाईचा?" एक घोट घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "छान हाय. फक्त तिखट टाकाले विसरली तू." मग तीन पेले प्यायले. यांना मी इतकं हसताना गावाकडेही पाहिलं नव्हतं.

सगळ्यांसमोर काकूंनी माझा कर जाहीर केला. "ह्या पोरीपाशी भेव गंज हाय, भरपूर," त्या म्हणाल्या. "हसू नोका गा, सोपी गोष्ट नोहे ती. आपल्या अख्ख्या गल्लीपाशी मिळून जेवढं नाही तेवढं हिच्या एकटीपाशी हाय. आजपर्यंत एकटी खाऊन राहिली. आता थोडं गावाले द्यायचं. रोज दिवे लागायच्या वेळी गल्लीत फिरायचं आनि पानी भरनाऱ्या प्रत्येकाले विचारायचं, स्विच बंद केला का. कोनी हसलं तं नाव मले सांगायचं."

मी हात पुढे केला. सुईने टोचून टोचून खरबरीत झालेला माझा तळहात त्यांनी उघडला आणि त्यावर मूठ मारली. ठप्प. "जमा!"

इतकी जोरात मारली होती की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, लागलं म्हणून.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी गल्लीतून फिरते. भीती गेली का? नाही हो. अजूनही गॅस तीनदा बघते. पण आता ती माझ्या एकटीपाशी पडून राहत नाही, तिला काहीतरी काम आहे. लोक मला बघून आधीच बटण बंद करतात आणि ओरडून सांगतात. त्या निमित्ताने मला प्रत्येक घर कळलं, कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाचं भांडण झालं, कोण आजारी आहे. यांची नोकरी पुढे कायम झाली तेव्हा पेढे वाटायला मला कोणाचा पत्ता विचारावा लागला नाही. आईला फोनवर मी आता 'बघू' म्हणत नाही. गणपतीला येते म्हणते आणि गणपतीला जाते. परत येताना पेटी नसते, नुसती पिशवी असते.

यंदा थंडी संपता संपता काकूंच्या गुडघ्याने दगा दिला. त्यांची मुलगी हैदराबादला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. ऑपरेशन तिथे करायचं आणि पुढेही तिथेच राहायचं. काकू नको नको म्हणत होत्या, पण ओट्याच्या दोन पायऱ्याही चढवेनात. निघायच्या दिवशी गल्ली ऑटोभोवती उभी होती. बबनभाऊंच्या तोंडून आवाज फुटेना, म्हणून पिंकीनेच ओरडून रस्ता मोकळा केला. "तुह्या आवाजाचा टॅक्स बाकी राहीन गा," काकू त्यांना म्हणाल्या. चिंचेकडे बघून भुताला दोन सूचना दिल्या. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "आता मी पासिंग, पोरी."

ते मला आवडलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पण ताईंचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन यायचा तो काळजीचा. आई चालते, जेवते, पण कोणाशी बोलत नाही. चौदाव्या मजल्यावर घर, खाली मोठी बाग, तरी उतरत नाही. ताईंनी कपाट रिकामं करून दिलंय, तर आईची बॅग पलंगाखाली तशीच, चेन लावलेली. रोजचे कपडे खुर्चीच्या पाठीवर टाकते.

हे ऐकलं आणि मी घाबरले. पण आता मला माझी भीती ओळखता येते. ती आली म्हणजे कुठेतरी बटण बंद करायचं राहिलं आहे. संध्याकाळी मी काकूंना फोन लावला. इकडे उन्हाळा सुरू झाला होता आणि मी आमच्या कूलरपाशी उभी होते.

"काकू, बॅग उघडली?"

"पाहू वं. पायाचं काय होते ते पाहू."

तो शब्द मी चांगलाच ओळखत होते. वर्षभर मीच तो वापरला होता.

"ताडपत्री सोडा, काकू."

"कोन म्हनते?"

"नाका म्हणतो."

पलीकडे पलंग करकरला, काहीतरी जड फरशीवरून ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चेनचा, लांबलचक. "खोलली," काकू म्हणाल्या.

"काय काय आहे ते सांगा."

"काय राहीन? चार लुगडे. बडीशेपेची डबी. काकांचा फोटो." कागद चुरचुरला. "आनि तुह्या आमसुलाची पुडी. ही कोनी टाकली?"

"नमुना आहे तो. ताईंकडून सोलकढी करून घ्या. आता कर ऐका. तुमच्या इमारतीत लिफ्ट आहे ना? तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, असं ताई म्हणाल्या. गायबपुरात असतो त्या अदृश्य माणसासारखे सगळे. तर तुम्ही रोज एकदा लिफ्टने खाली जायचं आणि आत जो भेटेल त्याच्याशी बोलायचं."

"काय बोलू? इथल्या लोकायची भाषा मले येत नाही."

"माझी तरी तुम्हाला कुठे येत होती? नेहमीसारखंच करायचं. आधी त्याच्यावर काय कर बसतो ते ठरवायचं, मग नाव विचारायचं."

काकू हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील. मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, डावा तळहात उघडला आणि फोनजवळ नेऊन त्यावर मूठ मारली. ठप्प. "जमा!"

पलीकडून नाक्यावर ट्रक अडवावा तशा आवाजात काकूंनी विचारलं, "पान्याचा आवाज येऊन राहिला. कूलर भरून राहिली का तू? स्विच बंद केला का?"

मी खाली बघितलं. पाइप सुरू होता, पाणी पायाशी आलं होतं आणि आमचा कूलर मजेत फिरत होता. बोलण्याच्या नादात आयुष्यात पहिल्यांदा मी विसरले होते.

मी दोन पावलं मागे, कोरड्या फरशीवर सरकले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

"केला, काकू," मी म्हटलं.